हरभऱ्याचा कोंब आणि त्याचं मूळ

१. केळीची सवय सोडून या. जळगावकडे टिश्यू कल्चरची केळी सर्रास लावली जाते. त्यामुळे प्रयोगशाळेत नव्याने आलेल्यांना वाटतं, हरभराही असाच होईल. हरभरा, तूर ही पिकं या कामात फार हट्टी आहेत.

२. सगळ्यात जास्त विचार पोषक माध्यमावर लावायच्या तुकड्याचा करा. भिजलेल्या दाण्याचं साल काढा, मोडाचं टोक आणि वरचा अंकुर छाटा, पण डाळिंब्या जिथे जुळतात तो सांधा जपा. कोंबांचा झुबका तिथूनच फुटतो. मात्र बरेचदा ते तिथल्या सुप्त डोळ्यांतून आलेले असतात. नुसती रोपं हवी असतील तर उत्तमच. जनुक घालायचं असेल, तर एकाच झाडाच्या काही पेशींत ते उतरतं, काहींत नाही. पुढच्या पिढीचं बी तपासल्याशिवाय मी कुणाचं अभिनंदन करत नाही.

३. संप्रेरकाचा हात आखडता ठेवा. ऑक्झिन आणि सायटोकायनिन यांच्या प्रमाणावर मूळ की कोंब हे ठरतं, असं स्कूग आणि मिलर या शास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये तंबाखूवर दाखवलं. हरभरा इतका सरळ वागत नाही. सायटोकायनिन जास्त झालं की कोंब भरपूर येतात, पण खुजे राहतात, पानं काचेसारखी पाणथळ होतात. वेळीच कमी मात्रेच्या माध्यमावर हलवा.

४. माध्यम १२१ अंशांवर निर्जंतुक होतं. दाण्याच्या आत दडलेली बुरशी त्याने जात नाही. बियाणं निरोगी शेतातलंच घ्या.

५. मुळांसाठी अडून बसू नका. बाटलीतल्या कोंबाला मूळ फुटणं हा हरभऱ्यातला सर्वांत अवघड टप्पा. फुटलं तरी ते कुंडीत तग धरेलच असं नाही. मला पाचर कलम जास्त भरवशाचं वाटतं. कोवळ्या रोपाचा शेंडा उडवायचा, खोडाला उभी चीर द्यायची, कोंबाचं बूड पाचरीसारखं तासून तीत बसवायचं. आपला शेतकरी आंब्यावर हेच करतो; इथे खोड काडीएवढं, म्हणून हात स्थिर हवा. मग प्लास्टिकची पिशवी घालून आर्द्रता राखायची आणि ती हळूहळू उघडायची.

६. नोंदवहीत कोंबांपुढे बियांचाही रकाना ठेवा. हरभऱ्याचे घाटे पोखरणाऱ्या घाटेअळीला पुरून उरेल असा प्रतिकार लागवडीच्या वाणांत मिळत नाही, म्हणून तर जनुक घालण्याचा हा खटाटोप. बी धरणारी झाडं किती, हे मी विद्यार्थ्यांना आधी विचारते.