विहीर खोदण्यापूर्वी खडकांचे थर ओळखावेत

जमिनीच्या पोटात सर्वत्र पाणी आहे व विहीर पुरेशी खोल नेली की ते लागलेच पाहिजे, अशी पुष्कळांची समजूत असते. या समजुतीपायी कठीण खडकात सुरुंगामागून सुरुंग उडविले जातात, कर्ज वाढते आणि विहीर कोरडीच राहते. वास्तविक पाणी केवळ खोलीवर नव्हे, तर खडकाच्या जातीवर अवलंबून असते. म्हणून ग्राम-कार्यकर्त्यांनी व शेतकरी बांधवांनी भूगर्भाची थोडी ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

पृथ्वीचे अंतरंग

पृष्ठभागापासून पृथ्वीच्या मध्यापर्यंतचे अंतर सुमारे ६,३७० किलोमीटर आहे. तिची रचना समजण्यास आंब्याचे उदाहरण सोयीचे आहे. सालीच्या जागी भूकवच असून भूखंडांखाली त्याची जाडी सामान्यतः ३० ते ४० किलोमीटर असते. गराच्या जागी सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत प्रावरण आहे. ते अतिशय तप्त असूनही बहुतांशी घनरूप आहे. कोयीच्या जागी मुख्यत्वे लोह व निकेल यांचा गाभा आहे. त्याचा बाहेरचा भाग वितळलेला व आतला घन आहे. आपल्या विहिरी या सालीच्याही अगदी वरच्या पापुद्र्यातच असतात.

काळ्या दगडाचा जन्म

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूकवचाला पडलेल्या लांबच लांब भेगांतून तप्त शिलारस वर आला, दूरवर पसरला आणि थिजला. असे थरावर थर साचले. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग या बेसॉल्ट खडकाने व्यापलेला आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणारे आडवे पट्टे म्हणजे हेच थर होत. १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखरही त्यांचेच बनलेले आहे. आपली काळी जमीन याच दगडाच्या झिजेतून तयार झाली.

पाणी कोणत्या थरात?

काळा पाषाण : हा थराचा घट्ट भाग होय. यात पाणी केवळ भेगा व सांधे यांतच सापडते. भेगा नसतील तर कितीही खोल गेले तरी उपयोग होत नाही.

मांजऱ्या : शिलारस थिजताना त्यातील वायू वर आल्यामुळे थराच्या माथ्याकडे छिद्रे राहिली. पुढे त्यांपैकी पुष्कळ छिद्रे पांढऱ्या खनिजांनी भरली. हा दगड झिजलेला व भेगाळलेला असेल तर पाणी चांगले देतो.

मुरूम : झिजलेल्या खडकाचा हा भाग पावसाचे पाणी मुरवून घेतो व विहिरीस पुरवितो.

गेरू : दोन थरांमधील हा तांबडा, चिकट थर पाणी सहजासहजी सोडत नाही. तो ढासळण्याचा संभव असल्याने तेथे बांधकाम करून घ्यावे.

खोदण्यापूर्वी

१. शेजारच्या विहिरींतील थर व त्यांची खोली वहीत नोंदवावी. पाण्याची पातळी ऐन उन्हाळ्यात मोजावी.

२. ओढ्या-नाल्यांच्या दरडींत उघडे पडलेले थर पाहावेत.

३. मुरमाची जाडी अधिक असलेली सखल जागा शक्यतो पसंत करावी.

४. भेगा नसलेला पाषाण लागल्यास खर्च वाढविण्याआधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा सल्ला घ्यावा.

कोकणातील जांभा व पूर्व विदर्भातील ग्रॅनाइट हे निराळे खडक आहेत. तेथे स्थानिक पाहणी करूनच निर्णय घ्यावा.

शाळेतील मुलांसाठी प्रयोग

दोन सारखे डबे घ्यावेत. एकात मुरूम भरावा, दुसऱ्यात डब्यात जेमतेम मावेल असा घट्ट दगड ठेवावा. दोहोंत मापाने थोडे थोडे पाणी ओतावे. मुरमाच्या डब्यात ते खड्यांमधील पोकळ्यांत शिरते; दुसऱ्या डब्यात ते दगडाच्या कडेनेच राहते, दगडात शिरत नाही. विहिरीचे सारे गणित मुलांना एवढ्यावरून कळते.

मात्र मुरूम स्वतः पाणी निर्माण करीत नाही, हेही ध्यानी ठेवावे. पावसाळ्यात शेतात जेवढे पाणी अडवून मुरविले जाईल, त्यावरच उन्हाळ्यातील विहिरीची भिस्त असते. यास्तव विहिरीच्या खर्चाचा विचार करताना बांधबंदिस्तीचा विचारही त्याचबरोबर करावा.