हरविलेले मूल, अफवा आणि गावाची जबाबदारी

दिनांक 1 जुलै 2018. रविवार असल्याने धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या आदिवासी गावात आठवड्याचा बाजार भरला होता. सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा भागातून आलेले आणि पिंपळनेर येथे पाल ठोकून राहिलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षेसाठी त्या गावी उतरले. त्यांच्यापैकी एक जण एका लहान मुलीशी बोलत असल्याचे कोणाच्या तरी दृष्टीस पडले. मुले पळविणारी टोळी या भागात फिरत आहे, असे संदेश त्यापूर्वी अनेक दिवस भ्रमणध्वनीवरून या हातातून त्या हातात जात होते. संशय आणि खात्री यांत जे अंतर असावयास हवे, ते त्या बाजारात काही क्षणांतच नाहीसे झाले. जमावाने त्या पाचही जणांना मारहाण केली, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि तेथे प्राण जाईपर्यंत मारले. त्यांचा मुले पळविण्याशी काडीचाही संबंध नव्हता.

या घटनेविषयी पुष्कळ लिहिले गेले. परंतु पंचायतीचे काम पाहणाऱ्यांनी तिच्यातील एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावयास हवे, आणि ती म्हणजे घटनास्थळ. गावातील जन्माची आणि मृत्यूची नोंद जेथे होते, दाखल्यासाठी ज्या दारात माणसे उभी राहतात, त्याच खोलीत हे घडले. त्या पाच जणांना तेथे बसवून त्यांचे नाव, गाव आणि मुक्कामाचे ठिकाण विचारणे आणि पोलीस ठाण्यास कळविणे एवढे झाले असते, तर तीच खोली त्यांचा आसरा ठरली असती.

हे अशक्य नव्हते, याचे उदाहरण त्याच रात्रीचे आहे. नाशिक जिल्ह्यातील मालेगाव येथे लहान मुलासह आलेल्या पाच जणांच्या एका कुटुंबाला याच संशयावरून जमावाने घेरले. तेथे त्यांना एका घरात आसरा मिळाला, जादा पोलीस येईपर्यंत दार उघडले गेले नाही आणि पाचही जीव वाचले. अफवा तीच होती आणि जमावाचा क्षोभही तसाच होता. मधे एक बंद दार आणि ते बंद ठेवणारा माणूस एवढाच काय तो फरक.

अफवेचे मूळ

त्या वर्षी देशाच्या अनेक राज्यांत फिरलेल्या एका चित्रफितीची कथा उद्‍बोधक आहे. गल्लीत मुले खेळत आहेत, मोटारसायकलवरून दोघे जण येतात, एका मुलाला उचलतात आणि निघून जातात, एवढेच तिच्यात दिसत असे. ही चित्रफीत भारतातील नव्हतीच. कराची शहरात हरविणाऱ्या मुलांबाबत पालकांनी सावध राहावे, म्हणून तेथील एका सेवाभावी संस्थेने अभिनेत्यांकडून तयार करवून घेतलेला तो प्रबोधनपट होता. मूळ चित्रपटात ते दोघे परत येतात, मुलाला सुखरूप उतरवितात आणि सूचनेचा फलक दाखवितात. कोणीतरी हा शेवट कापून टाकला. उरले ते पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर घडलेले ‘अपहरण’. मालेगाव परिसरात फिरलेले ओळीने निजविलेल्या मृत बालकांचे छायाचित्र असेच होते. ते ऑगस्ट 2013 मध्ये सिरियातील घौता येथे झालेल्या विषारी वायूच्या हल्ल्यानंतरचे होते. त्याखाली मजकूर मात्र अवयव काढणाऱ्या टोळीचा होता.

अशी चित्रे लोकांना खरी का वाटतात, हा प्रश्न शिक्षकांच्या विचाराचा आहे. ‘जेव, नाहीतर बुवा झोळीत घालून नेईल’ हे वाक्य महाराष्ट्रातील किती घरांत बोलले गेले असेल, त्याची गणतीच नाही. पुलाच्या पायात मुलाचा बळी लागतो, ही समजूतही जुनीच आहे. खांद्याला झोळी असलेला, वेगळ्या वेषाचा आणि गावात ओळख नसलेला माणूस पाहिला की लहानपणीचे ते भय जागे होते. भ्रमणध्वनीने हे भय निर्माण केले नाही. जुन्या भयाला त्याने चित्र पुरविले आणि वेग दिला. डवरी गोसावी, बहुरूपी, नंदीवाले, वैदू अशा भटक्या समाजांचे जगणेच दारोदार फिरण्यावर अवलंबून राहिलेले असल्याने या अफवेचा पहिला आघात त्यांच्यावर होतो. शाळेत मुलांना ‘अनोळखी माणसाबरोबर जाऊ नये’ असे शिकविणे योग्यच आहे. पण अनोळखी माणूस म्हणजे चोर, असा त्याचा अर्थ मुले आणि पालक लावीत नाहीत ना, हेही पाहावयास हवे.

दिनांक 16 एप्रिल 2020 रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे याच प्रकारची पुनरावृत्ती झाली. टाळेबंदीचा काळ होता. अंत्यविधीसाठी मुंबईहून सुरतेकडे निघालेले दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांना चोर समजून जमावाने पोलिसांच्या समक्ष ठार केले. मुले पळविणारे आणि अवयव काढणारे लोक रात्री फिरतात, अशी अफवा त्या भागात आधी काही दिवस पसरलेली होती. गावच्या महिला सरपंचांनी जमावाला थोपविण्याचा प्रयत्न केला. तो अपुरा पडला. पुढे एका अफवेतून दुसरी निघाली. या हत्येला धार्मिक रंग देणारा मजकूर दूरदूरच्या शहरांतून पसरू लागला आणि अटक झालेल्यांची यादी जाहीर करून राज्याच्या गृहमंत्र्यांना त्याचे निराकरण करावे लागले. पहिली अफवा पाड्यांवर पसरली होती. दुसरी पसरविणारे बहुतांशी शिकलेले होते.

तेव्हा हा केवळ निरक्षरतेचा प्रश्न आहे, असे मानणे सोयीचे असले तरी खरे नाही. मे 2007 मध्ये पोर्तुगालमधील एका समुद्रकाठच्या गावातून एक ब्रिटिश बालिका नाहीशी झाली. त्यानंतर संगणकाच्या जाळ्यावर आणि नामवंत वृत्तपत्रांतून तर्कांचा जो पूर आला, त्यात आधी शेजारच्या एका गृहस्थांवर आणि मग मुलीच्या आईवडिलांवरच संशय लादला गेला. मार्च 2008 मध्ये लंडनच्या दोन दैनिकांना पहिल्या पानावर आईवडिलांची क्षमा मागावी लागली आणि मुलीच्या शोधासाठी उभारलेल्या निधीला साडेपाच लक्ष पौंड द्यावे लागले. तर्क करणाऱ्यांपैकी कोणालाही ती मुलगी सापडली नाही.

मुले खरोखर कशी हरवतात

अफवेतील मूल आणि पोलीस दप्तरातील मूल यांत मोठा फरक आहे. राष्ट्रीय गुन्हे अभिलेख केंद्राच्या 2022 च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात 83,350 मुले हरविल्याची नोंद झाली. त्यांपैकी 62,946 मुली होत्या. म्हणजे दर चार मुलांमागे तीन मुली. पूर्वीच्या वर्षांतील मुले धरून त्या वर्षी 80,561 मुलांचा शोधही लागला. मोटारसायकलवरून उचलून नेलेले तान्हे मूल हे या आकड्यांचे खरे चित्र नव्हे. घरातील मारहाणीला किंवा परीक्षेच्या निकालाला भिऊन निघून गेलेला मुलगा, लग्न ठरविले म्हणून किंवा कोणी लग्नाचे आमिष दाखविले म्हणून घर सोडलेली मुलगी, कामाच्या आशेने ओळखीच्याच माणसाबरोबर पाठविलेले आणि पुढे ठावठिकाणा न लागलेले मूल, जत्रेत किंवा रेल्वे स्थानकावर चुकलेले मूल, अशी ही मुले असतात. फसविणारा पुष्कळदा ओळखीचाच असतो. गावाच्या वेशीवर झोळीवाल्याला अडवून ठेवणाऱ्या जमावाच्या मागून अशी मुलगी एखाद्या परिचिताबरोबर बसने निघून जाऊ शकते आणि कोणाचे तिकडे लक्षही जात नाही. अफवेने निरपराध मारले जातात हे उघडच आहे. पण खऱ्या हरविलेल्या मुलाचा शोधही तिच्यामुळे मागे पडतो, ही हानी सहसा मोजली जात नाही.

पहिले काही तास

मूल बेपत्ता झाल्यावर चोवीस तास वाट पाहावी लागते, हा समज अजूनही अनेक गावांत आहे. तो निराधार आहे. दिनांक 10 मे 2013 रोजी बचपन बचाओ आंदोलन या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की मूल हरविल्याची प्रत्येक तक्रार प्रथम खबर म्हणून नोंदविली जावी आणि मुलाचे अपहरण वा अवैध वाहतूक झाली असावी, असे प्रथमतः गृहीत धरून तपास व्हावा. ही नोंद कोणत्याही पोलीस ठाण्यात करता येते. हद्दीचे कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही. चार महिन्यांत शोध न लागल्यास तपास मानवी वाहतूक प्रतिबंधक पथकाकडे सोपविण्याची तरतूद बाल न्याय नियमांत आहे. तातडीच्या मदतीसाठी 112 आणि मुलांसाठी 1098 हे क्रमांक उपलब्ध आहेत. शाळेच्या फळ्यावर ते कायमचे लिहून ठेवण्यास कोणाच्या मंजुरीची आवश्यकता नाही.

या वेळी शिक्षकांजवळ असलेली माहिती अमोल असते. मुलाचे अलीकडचे छायाचित्र, जन्मतारीख, उंची, अंगावरची खूण, त्या दिवशीचे कपडे, शेवटचे कोणाशी बोलणे झाले आणि वर्गातील जिवलग मित्र कोण, यांपैकी बराचसा तपशील घाबरलेल्या आईवडिलांना त्या क्षणी आठवत नाही. ज्या शाळेत ही माहिती वर्षारंभी लिहून ठेवलेली असते, तिथला शोध काही तास आधी सुरू होतो. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, 1967 अन्वये नेमलेले पोलीस पाटील आणि सरपंचांच्या अध्यक्षतेखालील ग्राम बाल संरक्षण समिती यांनी एस. टी. स्थानक, बाजार, विहिरी, ऊसतोडीचे अड्डे येथे विचारपूस करावयाची असते. पुष्कळ गावांत ही समिती कागदावरच राहिलेली आहे, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे.

गावात एखादे परके मूल एकटे आढळले, तर बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 32 नुसार चोवीस तासांच्या आत पोलीस, 1098, बाल कल्याण समिती किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांपैकी एकाला कळविणे बंधनकारक आहे. न कळविणे हा गुन्हा ठरतो. ‘चार दिवस ठेवून घेऊ, कोणी आले तर देऊ’ हा विचार कितीही दयाळू असला तरी त्यामुळे आईबाप एका जिल्ह्यात आणि मूल दुसऱ्या जिल्ह्यात अडकून पडते.

संदेश आला तर

‘टोळी आली आहे’ असा संदेश पोलीस पाटलांच्या किंवा सदस्यांच्या हाती पडला, तर पोलीस ठाण्यात विचारून खरे-खोटे करावे आणि मिळालेले उत्तर त्याच दिवशी दवंडीने, ध्वनिक्षेपकावरून आणि ज्या मार्गाने अफवा आली त्याच मार्गाने गावाला कळवावे. उत्तर न देता नुसते ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ असे सांगितल्याने भय जात नाही. राईनपाड्यानंतर व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे धाडता येईल अशी मर्यादा घातली. 17 जुलै 2018 च्या निर्णयाने सर्वोच्च न्यायालयाने जमावहिंसा रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकाहून कमी दर्जाचा नसलेला समन्वय अधिकारी नेमण्यास सांगितले. दिनांक 1 जुलै 2024 रोजी, म्हणजे राईनपाड्याच्या घटनेला बरोबर सहा वर्षे झाली त्या दिवशी, भारतीय न्याय संहिता अमलात आली. तिच्या कलम 103 मध्ये जात, समाज, जन्मस्थान, भाषा अशा कारणांवरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेल्या हत्येसाठी त्यांतील प्रत्येकास मृत्युदंड किंवा जन्मठेप सांगितली आहे. ‘मी फक्त एकच काठी मारली’ हा बचाव तेथे चालत नाही.

भिक्षेकरी, फेरीवाले किंवा पालावरची कुटुंबे गावाजवळ उतरली, की पोलीस पाटलांनी पालावर जाऊन त्यांची नावे, मूळ गाव आणि मुक्कामाचे दिवस लिहून घ्यावेत आणि तसे गावात सांगावे. ही नोंद त्यांच्यावर पहारा म्हणून नव्हे, तर त्यांच्या रक्षणासाठी आहे, हे त्यांनाही समजावून द्यावे. त्यांची मुले शाळेत आली तर तेवढे दिवस त्यांना वर्गात बसू द्यावे. पालावरच्या मुलाशेजारी आठ दिवस बसलेल्या मुलाच्या घरी झोळीवाल्याची गोष्ट फारशी टिकत नाही.

हरविलेले मूल परतल्यावरही काम राहते. शोधासाठी लावलेली छायाचित्रे भिंतीवरून आणि भ्रमणध्वनीवरून काढावीत आणि ती पुढे पाठविलेल्यांनाही तसे कळवावे. अत्याचारास बळी पडलेल्या किंवा काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करण्यास बाल न्याय अधिनियमाचे कलम 74 मनाई करते. विशेषतः घर सोडून गेलेली मुलगी परत येते, तेव्हा ती कोठे होती, कोणाबरोबर होती, याची चर्चा पारावर आणि शिक्षकांच्या खोलीत सुरू होते आणि त्या चर्चेमुळेच तिची शाळा सुटते. मुख्याध्यापकांनी तिचे नाव पटावरून कमी न करता दुसऱ्याच दिवशी हजेरी पुकारताना ते नेहमीच्या क्रमाने घ्यावे.