ईराचं ‘नको’

सांगली, रविवार

चि. सौ. मधुरास,


फोनच केला असता, पण फोनवर तू “हो गं मावशी, कळलं” म्हणतेस आणि मागे कुकरची शिट्टी होते. म्हणून पत्र. दोनदा वाच, आणि एकदा सौरभरावांनाही वाचायला दे.

मुंजीतलं मला वहिनीकडून कळलं. तिनं गंमत म्हणूनच सांगितलं, “मधुराची पोरगी भलतीच तिखट आहे हो!” मला मात्र रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. अप्पांनी ईराला उचललं, तिनं अंग ताठ केलं, “नको, खाली ठेवा” म्हणाली. ते हसले, आणखी गुदगुल्या केल्या. आणि तू काय म्हणालीस? “मोठ्यांशी असं बोलतात का? आधी आजोबांना पापी दे.” पोरीनं हुंदके देत पापी दिली. मग सगळे हसले आणि पंगत बसली.

अप्पांवर माझा काडीचाही संशय नाही. माणूस देवासारखा आहे, तुझ्या लग्नात मांडवाची सगळी धावपळ त्यांनीच केली होती. प्रश्न अप्पांचा नाहीच. चार वर्षांच्या मुलीनं त्या दिवशी एक गोष्ट पाठ केली: आपलं ‘नको’ चालत नाही, आणि ते मोडायला आईच पुढे होते. हा धडा ती काही अप्पांपुरता राखून ठेवणार नाही.

त्यात परवा घरच्या ग्रुपवर तू तो मेसेज टाकलास. मुलं पळवणारी टोळी आली आहे, सर्वांना पाठवा. कुठे आली, कोणी पाहिली, काही पत्ता नाही. आणि ईराला सांगितलंस, एकटी खाली गेलीस तर झोळीवाला नेईल. आता म्हणे ती रात्री दिवा मालवू देत नाही.

मधुरा, असल्याच मेसेजनं काय झालं होतं ते विसरलीस? धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातलं राईनपाडा. १ जुलै २०१८. मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षेसाठी हिंडत तिथे आले होते. मुलं पळवणारे समजून जमावानं त्यांना ठेचून मारलं. पाचही निरपराध. ते मुलांना पळवत नव्हते. आपण मुलांना ज्या झोळीवाल्याची भीती घालतो, तो असा कुणीतरी पोट भरायला निघालेला असतो.

आणि ज्याला खरंच भ्यायला हवं, त्याच्या खांद्यावर झोळी नसते. त्याला आपण ‘काका’ म्हणायला शिकवतो. बघ ना, आपल्या भाषेत अनोळखी माणूसच उरलेला नाही. दूधवाले काका, व्हॅनवाले काका, वॉचमन काका, लिफ्टमध्ये भेटला तोही काका. मग “अनोळखी माणसाशी बोलू नकोस” म्हटल्यावर ईरानं कोणाशी बोलायचं नाही? २००७ मध्ये केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं तेरा राज्यांतल्या १२ हजारांहून जास्त मुलांशी बोलून अहवाल काढला होता. त्यांतल्या निम्म्याहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं. त्यात मुलगे मुलींहून कमी नव्हते. आणि छळणाऱ्यांतले निम्मे ओळखीचे, विश्वासातले. निघालेत सगळे झोळीवाल्याला शोधायला!

रागावले ना? रागावलेच आहे. पण तुझ्यावर कमी, माझ्यावर जास्त. आता लिहिते आहे ते तुझ्या आईला विचारून. ती म्हणाली, “तू लिही. मला नाही सांगता येणार.”

विट्याचा आपला वाडा तुला आठवत नसेल, तू दोन वर्षांची असताना तो पडला. माडीवर एक जण राहायचे. नाव घेत नाही, तुझ्या आजोबांच्या नात्यातले होते, गावात मान होता. दुपारी त्यांना ताकाचा तांब्या न्यायचं काम शकूचं, तुझ्या आईचं. मी बाराची, ती पाचची. येताना तिच्या मुठीत पिवळ्या लिमलेटच्या गोळ्या असायच्या, आणि त्या ती मला देऊन टाकायची. मी खायची. एके दिवशी तिनं ओसरीचा खांब दोन्ही हातांनी घट्ट धरला. “मला माडीवर नाही जायचं.” आई स्वयंपाकघरातून ओरडली, आणि मी शहाणी थोरली, शकूची बोटं खांबावरून एकेक करून सोडवली. म्हटलं, “चांगल्या मुली असं करत नाहीत.” आणि तांब्या तिच्या हातात दिला.

पुढे मी बालवाडीत एकतीस वर्षं काढली. किती मुलांची बोटं हातात घेतली, पेन्सिल धरायला शिकवलं. पण त्या खांबावरची बोटं अजून माझ्या हाताला लागतात.

म्हणून पुन्हा तेच सांगते. ईराला पहिलं ‘नको’ घरात म्हणू दे, आणि घरात ते चालू दे. उद्धट होईल असं वाटतं ना? अगं, आपल्याकडे नमस्कार आहे. अंगाला हात न लावता मान राखायची एवढी सोय असताना पापीचा हट्ट कशाला? “आजोबांना नमस्कार करायचा की टाळी द्यायची?” असं विचार, काय ते तीच ठरवेल. आणि अप्पांना तू स्वतः हसत हसत सांग. ते आईनं सांगायचं असतं, मुलीनं नाही.

बाकी शिकवायचं ते भाषण देऊन नको. चार वर्षांच्या मुलाला भाषण कळत नाही, खेळ कळतो. अंघोळीच्या वेळी नाक, कान, गुडघा म्हणतेस तशीच खालच्या अवयवांची खरी नावं सांग. ‘शी-शी’, ‘घाण’ म्हणू नकोस. ज्या जागेला नावच नाही, तिथलं दुखणं मूल सांगणार कसं? चड्डी-बनियननं झाकलेल्या जागी दुसऱ्यानं हात लावायचा नाही, बघायचं नाही, आपलं दाखवायचं नाही. अंघोळ घालताना आई-बाबांनी आणि आईसमोर डॉक्टरांनी, एवढंच. ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ एवढ्यावर भागवू नकोस. मुलाला चिमटा वाईट वाटतो, गुदगुल्या छान वाटतात. वाईट माणूस नेमक्या गुदगुल्यांनीच सुरुवात करतो.

गंमत आणि गुपित यांतला फरक खेळात शिकव. बाबांच्या वाढदिवसाचा केक ही गंमत, ती संध्याकाळी सगळ्यांना कळते. “आईला सांगू नकोस हं” असं कोणी म्हणालं की ते गुपित, आणि गुपित आईला सांगायचंच. आमच्या बालवाडीत मी भातुकलीच्या बाहुल्या घेऊन हे करायची. एक बाहुली म्हणायची, “ये, चॉकलेट देतो,” आणि मुलांनी जोरात ‘नको’ म्हणायचं. पहिल्या दिवशी सगळी कुजबुजली. एक मुलगा उठून जवळ आला आणि कानाशी विचारतो, “बाई, खरंच ओरडू?” आपण मुलांना हळू बोलायला इतकं शिकवलंय की ओरडायलाही परवानगी मागतात.

तिच्या एका हाताची पाच बोटं मोजून पाच माणसं ठरव, ज्यांना काहीही सांगितलं तरी ती रागावणार नाहीत. मी अंगठा व्हायला तयार आहे. एकानं ऐकलं नाही तर दुसऱ्या बोटाकडे जायचं, हेही सांग. शाळेतून कोणी न्यायला आलं तर घरातला ठरलेला शब्द विचारायचा. तुझं आणि सौरभरावांचं पूर्ण नाव आणि फोन नंबर एखाद्या चालीवर पाठ करून घे, नाहीतर गर्दीत हरवली तर “माझ्या आईचं नाव आई” एवढंच सांगेल. आणि हरवली तर तिथेच उभं राहायचं, फार तर जवळच्या दुकानदाराला किंवा लेकरू बरोबर असलेल्या बाईला सांगायचं.

पण एवढं सगळं शिकवूनही तिला राखणं हे तिचं काम नव्हे, आपलं आहे. चार वर्षांची पोर मोठ्या माणसाशी काय लढणार? तिनं फक्त सांगायचं, आणि आपण ऐकायचं. मुलं सरळ सांगत नाहीत. पोटात दुखतं म्हणतात, अंथरूण ओलं करतात, खांब धरतात. कधी काही बोललीच, तर किंचाळू नकोस, “आधी का नाही सांगितलंस?” असं तर मुळीच विचारू नकोस. “सांगितलंस ते बरं केलंस, तुझी काही चूक नाही” म्हण. दहा जणांसमोर तेच तेच वदवून घेऊ नकोस. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन कर. मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यात मुलाचा जबाब घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं आणि गणवेश न घालता. आणि कळूनही पोलिसांना न कळवणं हा त्या कायद्यानं गुन्हा आहे. शकूच्या वेळी असा कायदा नव्हता. पण कायदा असता तरी आमच्या ओसरीत त्याला बसायला कोणी पाट दिला असता, असं वाटत नाही.

देव करो, यातलं काही वापरायची वेळ तुझ्यावर न येवो.

बघ, शिकवायला बसले आणि बाई झाले. तू चांगली आई आहेस, मला माहीत आहे. दिवसभर ऑफिस, व्हॅनची वेळ, डबा, त्यात सासरची मुंज. चारचौघांत मूल रडलं की आईलाच शरम वाटते, मलाही वाटायची. झालं ते झालं. आज रात्री दिवा चालू राहू दे. तिच्याजवळ पड आणि सांग, झोळीवाला कोणाला नेत नाही, आई खोटं बोलली. आणि त्या दिवशी तिनं नको म्हटल्यावर मी ऐकायला हवं होतं, हेही सांग. मुलं फार लवकर माफ करतात गं. मोठ्या बहिणींनाही करतात.

दिवाळीच्या आधी येते. मेतकूट आणि ईरासाठी बेसनाचे लाडू आणते. दारात उभी राहीन. तिला वाटलं तर येईल जवळ, नाही वाटलं तर लांबून टाळी देईल. मला दोन्ही चालेल.

तुझी,
मावशी

ता. क. तुझी आई इथे शेजारीच बसली आहे. पत्र वाचायला मागितलं, दिलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, “ताई, गोळ्या पिवळ्या नव्हत्या, नारिंगी होत्या.” मीच खाल्लेल्या गोळ्या, आणि रंग तिच्या लक्षात. वर खोडलेलं नाही, तुला दिसावं म्हणून तसंच ठेवलंय. आता ती चहा टाकायला उठली आहे. जाताना माझ्या हातावर हात ठेवून गेली. मी अजून तो हात हलवलेला नाही, हे डाव्या हातानं लिहिते आहे, म्हणून अक्षर वाकडं.