राजीनाम्याची घाई नको

प्रश्न : मी विश्रामबागेत घरूनच वेब डेव्हलपरचं काम करतो. फोटोग्राफी आणि डोंगर, दोन्हींचं वेड आहे. नोकरी सोडल्याशिवाय हे जमणार नाही असं वाटू लागलंय. काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुमची ओढ खरी आहे, पण नोकरी तिच्या आड येत नाही. फोटोला हवा तो तिरपा, मऊ उजेड सूर्योदय-सूर्यास्ताच्या आसपासच मिळतो. तुमचं काम मधल्या वेळेतलं. पहाटे निघा, दंडोबाच्या डोंगरावर सूर्योदय टिपा आणि कामाच्या वेळेला घरी या. एकाच डोंगराचे वर्षभरातले ऋतू टिपणं मला लांबच्या दहा सहलींपेक्षा मोलाचं वाटतं.

वासोटा किल्ल्यावर मात्र रजा काढूनच जा. बामणोलीहून बोट, वनविभागाची परवानगी, वर जंगलातली चढण. पावसाळ्यात तो बंदच असतो. लॅपटॉप घरीच ठेवा. कोयनेच्या खोऱ्यात रेंजचा भरवसा नाही आणि निम्मं लक्ष कामात असलं की पाय घसरतो. निघायच्या आदल्या दिवशी वेबसाइटवर नवा बदल चढवू नका, बिघाड सहकाऱ्याला निस्तरावा लागतो. कास पठारावर गेलात तर फोटोसाठी फुलांत पाऊल टाकू नका. पावसातून आल्यावर कॅमेरा कोरडा करून सिलिका जेलसोबत ठेवा, नाहीतर लेन्सला बुरशी धरते.