*आजचा अभ्यास : शेठचा पैसा न्यायाचा का?*

खासबागेत साडी घेताना आपल्या मनात येतंच : आमच्याच पैशावर हा शेठ मोठा झाला ना?

लक्ष्मणराव किर्लोस्करांचं बघू. १८८८ साली त्यांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं. पुढे लोखंडी नांगर केला. लोखंडानं जमीन नासते, असा लोकांचा समज; पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. सक्ती कुणावरच नव्हती. शेतकऱ्याला गुण पटला, तसं गिऱ्हाईक वाढलं. १९१० ला किर्लोस्करवाडी उभी राहिली.

म्हणजे नफा हे पाप नव्हे. पण सूत हलकं लावलं, माप मारलं, अडलेल्याला बघून भाव चढवला, तर तो पैसा न्यायाचा नाही.

दुसऱ्याचं राहू दे. आज आपण आपलाच गल्ला या कसोटीवर तपासू.