यंत्रमानव आणि आमची आजी

वृद्धांच्या सोबतीसाठी यंत्रमानव, ही कल्पना आता नवी राहिलेली नाही. २०१७ ते २०२० या काळात युरोप-जपानच्या ‘केअरेसेस’ प्रकल्पात ‘पेपर’ नावाच्या यंत्रमानवाला समोरच्याची संस्कृती ओळखून बोलायला शिकवले गेले. त्यात भारतीयांचाही विचार होता.

मला मात्र विड्या वळून घर चालवणारी माझी आजी आठवली. मी कॉलेजात असताना सिन्नरच्या घरात ती एकटीच असते. यंत्राने तिला नावाने हाक मारली तर ती ओ देणार नाही. ‘यजमानांचे नाव सांगा’ म्हटले, तर पदर तोंडाला लावून गप्प बसेल. यंत्र नोंद करील : स्मरणशक्ती क्षीण! वास्तविक ‘आजी, उखाणा घ्या’ एवढे म्हटले, की आजोबांचे नाव यमकासह लगेच बाहेर पडते.