कोपऱ्यातली माणसे : यू मुंबाच्या बचावफळीविषयी

(द्वितीय वर्ष, कला)

कबड्डीवर लेख लिहावयाचा म्हणजे १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकपासून आरंभ करावा, अशी एक प्रथाच पडून गेली आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तेथे या खेळाचे प्रात्यक्षिक दाखविले, १९५० साली अखिल भारतीय संघटना स्थापन झाली, १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचा मान मिळाला, वगैरे. ही माहिती वाचकांना ठाऊक आहे असे धरून मी ती येथेच सोडते. मला लिहावयाचे आहे ते पकड करणाऱ्यांविषयी.

याचे कारण वैयक्तिक आहे, ते आधीच सांगून टाकते. गेल्या वर्षी एका आंतरमहाविद्यालयीन सामन्यात शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गुणाने पुढे होतो. डावा कोपरा माझ्याकडे होता. समोरची मुलगी बोनससाठी पाय टाकणार हे मला दिसले, मी झेप घेतली, तिचा घोटा माझ्या दोन्ही हातांत आला. आला आणि राहिलाही. पण ती आडवी पडली, हात लांबवला, आणि तिची बोटे मध्यरेषेला लागली. नियमाप्रमाणे ती सुटली, मी बाद झाले. बोनस आणि माझा असे दोन गुण गेले आणि सामनाही गेला. परतीच्या एस्‌टीत कोणी मला काही बोलले नाही. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

घरी आल्यावर बाबांना सांगितले. बाबा चिऱ्याच्या खाणीवर काम करतात. सातवीपर्यंत शिकले. तळेरे पंचक्रोशीत रात्रीच्या, प्रकाशझोतातल्या सामन्यांत ते वाडीच्या संघातून डाव्या कोपऱ्यावर खेळत असत. त्यांनी सगळे ऐकून घेतले व एवढेच विचारले, "तुझ्यावांगडा कोण होता?" मला प्रश्नच कळला नाही. तो कळावा म्हणून मी हा अभ्यास केला, असे म्हटले तरी चालेल.

अभ्यासासाठी संघ निवडला तो यू मुंबा. प्रो कबड्डी लीग २६ जुलै २०१४ रोजी मुंबईत वरळीला सुरू झाली, त्या पहिल्याच सामन्यात हा संघ जयपूरविरुद्ध खेळला व ४५-३१ असा जिंकला. मी तेव्हा लहान होते. शेजारच्या घरी टीव्हीसमोर अर्धी वाडी जमलेली मला आठवते. मुंबईचा संघ म्हणजे आपला, एवढेच आम्हाला कळत होते. आमच्या वाडीतल्या प्रत्येक घरातला एक तरी माणूस मुंबईला आहेच! पुढे हा संघ पहिल्या तिन्ही हंगामांत अंतिम सामन्यापर्यंत पोचला. २०१४ मध्ये जयपूरकडून २४-३५ असा हरला, २०१५ मध्ये बेंगळुरूला ३६-३० असे हरवून अजिंक्य ठरला, आणि २०१६ च्या मार्चमध्ये पाटण्याकडून अवघ्या तीन गुणांनी, २८-३१ असा पराभूत झाला. त्या संघाचे नाव निघाले की लोक कर्णधार अनुपकुमारविषयी बोलतात. ते योग्यच आहे. परंतु त्याच्या पाठीमागे कोपऱ्यात उभे असणारे दोघे कोण, हे माझ्या वर्गातील दहा जणांना मी विचारले, तेव्हा दोघांनाच सांगता आले.

ते दोघे म्हणजे सुरेंदर नाडा आणि मोहित छिल्लर. नाडा डाव्या कोपऱ्यावर, मोहित उजव्या.

कोपरा म्हणजे काय, हे ज्यांनी मैदान केवळ बाहेरून पाहिले आहे त्यांच्यासाठी थोडे सांगते. पुरुषांच्या मैदानाची लांबी १३ मीटर, म्हणजे एका संघाकडे साडेसहा मीटर. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा असते आणि तिच्यामागे एक मीटरवर बोनस रेषा. बचाव करणाऱ्या संघाचे सहा किंवा सात खेळाडू मैदानात असले, तर चढाईपटूने बोनस रेषेपलीकडे एक पाय टेकवून दुसरा पाय अधांतरी ठेवला की त्याला गुण मिळतो. आता विचार करा. त्या क्षणी त्याचे सारे वजन एका पायावर आहे, आणि परतीची वाट पावणेपाच मीटर आहे. कोपरारक्षकाला हवा असतो तो हाच क्षण. तो अर्धा सेकंदही नसतो. आधी झेप घेतली तर चढाईपटू हाताने टिपतो, उशीर झाला तर पाय गेलेला असतो.

नाडाचे वैशिष्ट्य या अर्ध्या सेकंदात होते. त्याची घोट्याची पकड पाहताना एक गोष्ट ध्यानात येते : तो चढाईपटूच्या डोळ्यांकडे पाहतच नाही. बाबांनी मला शाळेत असताना अंगणात हेच शिकविले होते. "तेच्या तोंडाकडे काय बघतंस, तोंड फसवतला. पाय बघ." बाबांनी नाडाचे नाव त्या वेळी ऐकलेलेही नव्हते.

मोहितविषयी मला निराळे वाटते. तो नाडासारखा डोळ्यांत भरत नाही. परंतु डावीकडे नाडा असल्यामुळे पुष्कळ चढाईपटू उजवीकडे वळत, आणि तेथे हा उभा असे. म्हणजे एकाच्या धाकाने दुसऱ्याला शिकार मिळे. कोणाच्या नावावर किती गुण लागले हे पाहून या दोघांची तुलना करणे मला म्हणूनच पटत नाही. हे दोघे २०१६ च्या चौथ्या हंगामात बेंगळुरूच्या संघात गेले. मोहितला त्या लिलावात ५३ लाख रुपये मिळाले, ती त्या वर्षीची सर्वांत मोठी बोली होती. बचावपटूला! आणि मुंबईचे काय झाले? अनुपकुमार होता, तरीही तीन वर्षे सतत अंतिम सामना खेळलेला संघ त्या वर्षी उपांत्य फेरीतही पोचला नाही. इतरही काही खेळाडू बदलले होते, त्यामुळे सारे श्रेय कोपऱ्यांना देणे अन्यायाचे होईल. पण बरेचसे द्यावे लागेल.

आता फजल अत्राचली. हा इराणमधील गोर्गनचा. २०१५ साली तो मुंबईच्या संघात आला तेव्हा डावा कोपरा नाडाकडे होता. पुढे पाटणा आणि गुजरात अशी वळणे घेऊन २०१८ मध्ये तो मुंबईला परतला तो एक कोटी रुपयांना. या स्पर्धेच्या लिलावात एक कोटीला पोचणारा तो पहिला खेळाडू. (त्याच लिलावात मोनू गोयत या चढाईपटूला १ कोटी ५१ लाख मिळाले, हेही नोंदवून ठेवते. पकडीचा भाव चढाईहून कमीच.) गंमत अशी, की लिलाव झाला मे महिन्यात आणि ऑगस्टमध्ये जाकार्ता येथे आशियाई स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात इराणने भारताला २७-१८ असे हरविले. १९९० पासून भारताने हे सुवर्णपदक कधी सोडले नव्हते. भारताला चाळीस मिनिटांत १८ गुण! इराणच्या त्या बचावफळीत फजल होता आणि भारताच्या संघात आपल्या महाराष्ट्राचा डावा कोपरारक्षक गिरीश इरनाक होता. त्या दिवशी आम्ही फजलला शिव्या दिल्या आणि ऑक्टोबरमध्ये हंगाम सुरू झाल्यावर त्याच्याच नावाने ओरडलो. खेळात असे चालते.

मुंबईचा कर्णधार म्हणून फजलने संघाला २०१८ मध्ये बाद फेरीत आणि २०१९ मध्ये उपांत्य फेरीत नेले. तेथे बंगालकडून ३५-३७ असा निसटता पराभव झाला. त्या २०१९ च्या हंगामात त्याने पकडींचे ८२ गुण मिळविले. पुढे २०२२ मध्ये, पुण्याकडून खेळताना, त्याने मनजित छिल्लरला मागे टाकून या स्पर्धेतील पकडींच्या सर्वाधिक गुणांचा विक्रम आपल्या नावावर केला. आकड्यांनीच ठरवावयाचे तर प्रश्न येथेच संपतो.

मला मात्र आकड्यांविषयी शंका आहे. चढाईपटूला तीस सेकंद असतात. तो आला, चौघांनी नीट रांग धरली, कोणी हात दिला नाही, पाय दिला नाही, आणि तो रिकामा परत गेला, तर त्याचा गुण बचावपटूंपैकी कोणाच्या नावावर लागतो? कोणाच्याच नाही. लीगच्या नियमाप्रमाणे लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण घ्यावाच लागतो, नाही तर चढाईपटू बाद. म्हणजे न केलेल्या दोन पकडींतून तिसरी पकड तयार होते. परंतु वहीत तिसरीच लिहिली जाते. मी २०१५ च्या अंतिम सामन्याचे चित्रण मैत्रिणीच्या मोबाईलवर तीन वेळा पाहिले. तिसऱ्यांदा पाहताना कोपऱ्यांवरची नजर काढून मधल्या माणसांवर ठेवली, तेव्हा जीवाकुमार आणि विशाल माने दिसले.

जीवाकुमार तमिळनाडूचा, विशाल माने आपल्याकडचा. दोघेही मध्यरक्षक, ज्यांना 'कव्हर' म्हणतात. कोपऱ्याने घोटा धरला की चढाईपटू पुढे झेपावतो. त्या झेपेच्या वाटेवर छाती घालून उभा राहतो तो कव्हर. त्याने धडक दिली की चढाईपटू मध्यरेषेकडे न जाता बाजूला, मैदानाबाहेर जातो. ही धडक कोपऱ्याच्या झेपेबरोबरच सुटावी लागते; नंतर नाही. नाडाने घोटा धरला आहे आणि कव्हर अजून जागेवरच आहे, असे मला त्या सामन्यात दिसले नाही.

क्रम लावावा अशी वाचकांची अपेक्षा असणार, तर माझ्या अल्पमतीप्रमाणे तो असा : पहिला नाडा व मोहित यांना मिळून एकच क्रमांक, दुसरा फजल, तिसरा जीवाकुमार. फजल एकेकटा पाहिला तर दोघांपेक्षा मोठा आहे हे मी मान्य करते. पण मुंबईला अजिंक्यपद मिळाले ते त्या जोडीच्या काळात.

ही यादी मी बाबांना वाचून दाखविली. ते जेवत होते. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "उलटी लिवलंस." त्यांच्या मते पहिला जीवाकुमार. कोपऱ्यातल्याचे नाव होते, कारण पाय त्याच्या हातात दिसतो. पण मधला गेला नाही तर पाय हातात असून काय उपयोग? मग त्यांनी त्यांच्या संघातल्या मधल्या गड्याविषयी सांगितले. तो पुढे मुंबईला गिरणीत गेला, गिरणी बंद पडल्यावर कोठे गेला ते बाबांना माहीत नाही. त्या सामन्यांचे गुण फळ्यावर खडूने लिहीत आणि सकाळी पुसून टाकीत. बाबांनी किती पकडी केल्या ते त्यांनाही सांगता येत नाही. त्या मधल्याने किती धडका दिल्या, ते तर कोणी मोजलेच नव्हते.

"तुझ्यावांगडा कोण होता?" या प्रश्नाचे उत्तर मला त्या रात्री मिळाले. माझ्यासोबत आमची कव्हर होती, दोन पावलांवर. मी तिला खूण केली नव्हती. साखळीतला हात सोडून मी एकटीच गेले होते. हे मी तिला दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये सांगितले. ती म्हणाली, "मला वाटलं, मीच उशीर केला." वर्षभर ती तसेच धरून होती आणि मला त्याची कल्पनाही नव्हती.

आपल्या महाविद्यालयाच्या क्रीडा विभागातील नोंदवहीत कबड्डीच्या पानावर तीन रकाने आहेत : दिनांक, प्रतिस्पर्धी, निकाल. खेळाडूंच्या नावाचाही रकाना नाही. म्हणून या लेखात आपल्या संघातील आजवरच्या उत्तम बचावपटू कोण, हे मला लिहिता आलेले नाही. खरे तर मूळ विचार तोच होता. यंदापासून आम्ही शंभर पानी वही केली आहे. तीत चढाई आणि पकड यांबरोबर आणखी दोन रकाने आखले आहेत : 'रिकामी परत' आणि 'सोबत कोण'. वही क्रीडाविभागात खिडकीजवळच्या कपाटावर असते. ज्या माजी विद्यार्थिनी व प्राध्यापक मंडळींना जुने सामने आठवत असतील, त्यांनी मागच्या पानांवर ते लिहून द्यावेत. मधल्या खेळाडूंची नावे आठवली तर ती आधी लिहावीत.